साठ पावलांवरचे बटण

हवा कशी वाहते, हा एकच विषय चाळीस वर्षे शिकवून निवृत्त झालेले एक वृद्ध आचार्य होते. एकदा त्यांचा एक जुना शिष्य सकाळी साडेआठलाच त्यांच्या दारात गाडी घेऊन उभा राहिला आणि चपला काढण्यापूर्वीच म्हणाला, "सर, आत्ताच्या आत्ता चला. माझं डोकं फिरायची वेळ आली आहे."

शिष्याचे नाव हेरंब. वय तिशीचे. पाण्याचे टँकर तयार करणाऱ्या एका कारखान्यात कामगारांच्या सुरक्षिततेचे काम त्याच्याकडे होते. दीड वर्षापूर्वी तो तिथे रुजू झाला, तेव्हा वेल्डिंगच्या लांबलचक शेडमध्ये भर दुपारी दिवे लावावे लागत, इतका धूर छताखाली साचलेला असे. त्या धुरात माणसे दिवसभर पत्रे जोडत बसत आणि सुटीच्या भोंग्यानंतर फाटकापर्यंत खोकत जात. हेरंबला ते पाहवले नाही. मालक शेठजींच्या खोलीबाहेरच्या बाकावर त्याने सहा महिने काढले, विनवण्या केल्या, एकदा राजीनामाही खिशात घालून गेला. अखेर शेडच्या पुढच्या भिंतीत धूर बाहेर ओढणारा, माणसाच्या उंचीचा पंखा बसला. धूर गेला. पुढच्या खांबावर हवेतला धूर मोजणारे मोजयंत्र होते, त्यातले आकडे हिरवे झाले. कित्येक वर्षांनी त्या शेडचे छत दिसू लागले.

आणि पाच वेल्डरांपैकी एक जण तो पंखा बंद करू लागला.

"एकदा नाही सर, रोज!" गाडी चालवता चालवता हेरंब सांगत होता. "केरबा नाव आहे. बावीस वर्षं काम करतोय. शेडच्या अगदी शेवटच्या टोकाला बसतो. बटण पुढच्या खांबावर. साठ पावलं चालत येतो, पंखा बंद करतो आणि साठ पावलं परत जातो. समजावलं, रागावलं, लेखी ताकीद दिली. तरी करतोच. ज्यांच्या छातीसाठी जीव काढला, तेच असं वागले तर माणसानं काय करायचं?"

"कारण काय सांगतो?" आचार्यांनी विचारले.

"काही धड सांगत नाही. दाराचं काहीतरी काढतो मध्येच. मी पंख्याचं बोलतोय, हा दाराचं बोलतो. आता शेठजींनी ठरवलंय, उद्यापासून घरी बसवायचं. फक्त तुमची सही हवी. यंत्रणेत दोष नाही, दोष कामगाराचा आहे, एवढंच."

आचार्य म्हणाले, "हवा किती वेळा बदलायची, तो तक्ता तू माझ्याच पुस्तकातून घेतलास ना?"

"अर्थात."

"कोणत्या आवृत्तीतून?"

"तिसऱ्या."

"तिसरीत मी काही गाळलं तर नाही ना?"

हेरंबने स्टिअरिंगवरचे हात घट्ट केले. आचार्यांची ही सवय त्याला महाविद्यालयापासून ठाऊक होती. जो विषय त्यांच्याइतका कोणालाच येत नव्हता, त्याच विषयात त्यांना स्वतःची इतकी शंका, की परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी ते विद्यार्थ्यांना घरी बोलावून म्हणत, मागच्या आठवड्यात मी शिकवलं ते पुन्हा एकदा पडताळून पाहा. तेव्हा त्याचे कौतुक वाटे. आज, एका सहीसाठी चाळीस मैल गाडी हाकल्यावर, हेरंबला ते मुळीच कौतुकास्पद वाटेना.

शेठजी फाटकाशीच उभे होते. "या, या सर. चहा सांगितलाय. कागद टेबलावर तयार आहे, पेनही ठेवलंय."

"कागद पाहतो," आचार्य म्हणाले, "पण आधी जागा पाहू. मी चुकत असेन, पण जागा न पाहता सही करवणार नाही मला."

शेड खरोखरच स्वच्छ होती. पुढच्या भिंतीत पंखा घुमत होता. पाच वेल्डर एका ओळीत बसले होते. शेडच्या मागच्या टोकाला, केरबाच्या पाठीशी, टँकरची पिंपे आतबाहेर नेण्याचे मोठे दार होते. ते सताड उघडे होते आणि त्यावर हेरंबने स्वतः लावलेली पाटी होती: हे दार कायम उघडे ठेवावे. दारापलीकडे पंधरा पावलांवर अंगणात दुसरी एक पत्र्याची शेड होती आणि तिच्या तोंडाशी ताडपत्रीचा पडदा होता.

"तिथे काय चालतं?" आचार्यांनी विचारले.

"ब्लास्टिंग. हवेच्या जोरानं पोलादाचे बारीक दाणे पत्र्यावर मारायचे, म्हणजे गंज निघून जातो. मग रंग धरतो. तिथली काळजी नको सर, तिथल्या माणसाला मी डोकं झाकणारा टोप दिलाय, वरून नळीनं स्वच्छ हवा येते."

"म्हणजे धुळीत उभा असलेल्याला धूळ लागत नाही," आचार्य स्वतःशीच पुटपुटले आणि केरबाजवळ गेले.

केरबा पन्नाशीचा, सडपातळ, गळ्यात टॉवेल अडकवलेला माणूस होता. पाहुणे पाहून त्याने चेहऱ्यापुढची वेल्डिंगची काळी काच वर केली आणि उठून उभा राहिला. उठताना त्याला खोकला आला.

"पंखा बंद करता म्हणे," आचार्य म्हणाले.

"व्हय," केरबा म्हणाला. "करतो."

"बघा!" शेठजी म्हणाले. "लाज नाही, भीड नाही."

"शेठ, बावीस वर्सं झाली, आता खोटं कुठं बोलू? उद्या घरी बसवणार म्हणताय, बसवा. पण खोकणाऱ्या वेल्डरला दुसऱ्या कारखान्याच्या दारातसुद्धा उभं करत न्हाईत, येवढं ध्यानात असू द्या. साहेब, मी काय म्हणतो, ते दार..."

"पुन्हा दार!" हेरंबचा आवाज चढला. "अरे, दार उघडं ठेवायचं, हे शास्त्र आहे. समोरून हवा आल्याशिवाय पंखा ओढणार काय? तू आधी दार लावत होतास, म्हणून पाटी लावली, तर तू पंख्याकडे वळलास. बाकीचे चौघं याच शेडमध्ये बसतात ना? त्यांना त्रास होत नाही, तुलाच बरा होतो?"

केरबाने हेरंबच्या हातातल्या फाईलकडे पाहिले आणि टॉवेलने मान पुसली.

आचार्यांनी ती फाईल मागून घेतली. तिच्यात केरबाला दिलेल्या तीन ताकिदींच्या नकला होत्या. त्या त्यांनी डोळ्यांजवळ नेऊन दोनदा वाचल्या. "पहिल्या वेळी सकाळी अकरा वाजता बंद केला. दुसऱ्या वेळी पावणेअकरा. तिसऱ्या वेळी साडेअकरा. दुपारी कधी नाही?"

"दुपारी नाही. लहर आहे त्याची, सकाळची."

"आणि ते ब्लास्टिंग केव्हा चालतं?"

"दहा ते एक. सर, त्याचा इथे काय संबंध? तुम्ही मोजयंत्र पाहता का? महिनाभराचे आकडे काढून ठेवलेत मी, आलेखासकट."

आचार्यांनी मोजयंत्राकडे पाहिलेही नाही. ते शेठजींकडे वळले आणि अत्यंत संकोचाने म्हणाले, "गावात कापडाचं दुकान असेल ना? मला दोन पांढरे पंचे हवे होते. आणि एक बादली पाणी."

शेठजींनी हेरंबकडे पाहिले. "हेरंबराव, तुमचे सर इथे आंघोळ करणार आहेत का?"

हेरंबला भूमी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरे, असे झाले. पण पंचे आले. आचार्यांनी एक पंचा बादलीत बुडवला, पिळला आणि हेरंबपुढे धरला. "शर्टावरून अंगभर घे. पाठ झाकली पाहिजे, छातीही झाकली पाहिजे. आणि इथे केरबांच्या शेजारी बस. त्यांच्यासारखाच, दाराकडे पाठ करून."

"सर!"

"अर्धा तास."

"सर, हा विज्ञानाचा प्रश्न आहे. मी आकडे दाखवतो म्हणतोय आणि तुम्ही मला सगळ्यांसमोर..." चौघे वेल्डर काम थांबवून पाहत होते. तिसऱ्या जागेवरचा म्हणाला, "साहेब, साबण देऊ का?" आणि शेड हसली.

हेरंब बसला. वेल्डिंगच्या सळ्यांचा रिकामा डबा उलटा घालून त्यावर, ओला पंचा लपेटून, हातात जादा काच धरून, लग्नाच्या मुहूर्तावर आणून बसवलेल्या नवऱ्या मुलासारखा बसला. केरबाने एकदा त्याच्याकडे पाहिले, काच खाली घेतली आणि काम सुरू केले. पंखा घुमत होता. केरबाच्या हाताखालून उठणारा धूर लगेच पुढे ओढला जाऊन दिसेनासा होत होता. हेरंबला त्याही स्थितीत समाधान वाटले. आपली यंत्रणा उत्तम चालली आहे, हे आता सरांनाही दिसत असेल.

मात्र दहा मिनिटांनी त्याची मान हुळहुळू लागली. मग दातांत काहीतरी करकरले. मग काचेच्या आतल्या बाजूने डोळ्यात बारीक कण गेला. काच समोरून येणारे सगळे अडवत होती, पण मागून मानेवरून आत शिरणाऱ्याला ती अडवत नव्हती. उलट कोंडून ठेवत होती. त्याने मान वळवून मागे पाहिले. दारात स्वच्छ ऊन पडले होते. दिसण्यासारखे काही नव्हते.

अर्ध्या तासाने आचार्यांनी पंचा उतरवायला सांगितला. तो त्यांनी घडी न घालता एका टेबलावर ठेवला. मग ते स्वतः चालू लागले. एका हाताने भिंतीचा आधार घेत, मधे एकदा दम खाण्यासाठी थांबत, ते पुढच्या खांबापर्यंत गेले आणि त्यांनी पंखा बंद केला.

पंख्याची घरघर थांबली. शेठजी हसायचेही विसरले. हेरंब ताडकन उठला. ज्या अपराधासाठी एका माणसाची भाकरी जाणार होती, तो अपराध त्याच्या गुरूंनी सर्वांदेखत केला होता.

"सर, हे काय आहे? मी तुम्हाला साक्षीला आणलं होतं!"

"ठाऊक आहे," आचार्य परत येऊन म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "लांब आहे रे ते बटण. दुसरा पंचा घे. आणखी अर्धा तास."

हा अर्धा तास हेरंबला पहिल्याहून लांब गेला. आता पाठीवर काही जाणवत नव्हते. पण केरबाच्या हाताखालचा धूर तिथेच रेंगाळत होता, चेहऱ्यापर्यंत चढत होता. केरबा प्रत्येक टाक्याला मान डावीकडे कलती करत होता. हेरंबला ती युक्ती जमेना. त्याला ठसका लागला, घशात धातूची चव आली, आणि अर्धा तास संपल्याचे आचार्यांनी सांगितले तेव्हा त्याने पंचा उतरवून जवळजवळ फेकलाच.

आचार्यांनी दोन्ही पंचे टेबलावर शेजारी शेजारी पसरले. पहिल्या पंच्याची छातीकडची बाजू बरीचशी पांढरी होती आणि पाठीकडची बाजू गंजाच्या तपकिरी रंगाने माखली होती, जणू कोणी वीट उगाळून लावावी. दुसऱ्याची पाठ पांढरी होती आणि छाती राखाडी.

हेरंबने पहिल्या पंच्याला बोट लावले. बोट तपकिरी झाले. तो ते बोट पाहत राहिला.

"वेल्डिंगचा धूर या रंगाचा नसतो," आचार्य म्हणाले. "हा गंज आहे. अंगणापलीकडच्या शेडमधला. पंखा हवा तयार करत नाही, हेरंब, तो फक्त हवेला बोलावतो. कोणती हवा येणार, ते दाराबाहेर काय आहे यावर ठरतं. तुझा पंखा जोरदार आहे, म्हणून त्याचं बोलावणंही जोरदार. तो धूर बाहेर काढतो, आणि त्याच दमात ताडपत्रीआडची धूळ आत ओढतो. जड कण दारापासून पहिल्या माणसावरच पडून जातात. म्हणून बाकीच्या चौघांना त्रास नाही. आणि तुझं मोजयंत्र पार पुढच्या खांबावर आहे, त्याला तर तक्रारीचं काही कारणच नाही. तू जाणाऱ्या हवेकडे पाहिलंस. येणाऱ्या हवेकडे पाठ होती ती केरबांची. हा माणूस साठ पावलं जात होता आणि साठ पावलं परत येत होता, तेही ब्लास्टिंगच्याच वेळी. अरे, आळशी माणूस इतका चालत नाही आणि हट्टी माणूस घड्याळ पाहून हट्ट करत नाही. या सगळ्या शेडमध्ये खरं मोजमाप चाललं होतं ते एकाच ठिकाणी, या मानेवर. त्याला तू तीन वेळा ताकीद दिलीस."

"पण सर," हेरंब कसाबसा म्हणाला, "पंखा बंद करणंही चूकच ना? हा दुसरा पंचा..."

"चूकच. तेही खरं आहे." आचार्य केरबाकडे वळले. "दोन्हीकडून छातीच जाते आहे तुमची. मग पंखा का बंद करत होता?"

केरबाने खांदे उडवले. "समोरचा धूर दिसतो, सर. मान जरा कलती केली की चुकवता येतोय. पाठीमागनं येतंय त्याला काय करू? पाठीला डोळं न्हाईत."

शेठजी आता चिडले होते. कोणावर, ते त्यांना नक्की ठरवता येत नव्हते. "म्हणजे एवढा पंखा बसवून उपयोग काय? आता काय करायचं म्हणता?"

"पंखा राहू द्या. दहा ते एक हे मागचं दार बंद ठेवा आणि हवा दक्षिणेच्या खिडक्यांतून घ्या. तिकडे मोकळं रान आहे. खिडक्यांपुढे सळ्यांची रिकामी खोकी रचली आहेत, ती हलवा. ब्लास्टिंगच्या शेडला ताडपत्री पुरत नाही. तिला बंद होणारं दार हवं आणि तिची धूळ तिथल्या तिथे गाळून धरणारी सोय हवी. पुढे कधी बांधाल तेव्हा ती शेड वाऱ्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे वारा तिची धूळ इकडे आणणार नाही अशा बाजूला, न्या. आणि प्रत्येक वेल्डरजवळ, कामाच्या बाजूला, धूर ओढणारी एक नळी द्या, म्हणजे तो तोंडापर्यंत चढणारच नाही. मी चुकत असेन, तर पुन्हा पंचे ओले करून बघा."

"दार लावा आणि खोकी हलवा!" शेठजींनी कपाळावर हात मारला. "एवढं सांगायला एवढा मोठा माणूस आणावा लागतो?"

"मी पाच म्हैनं तेच सांगतोय," केरबा म्हणाला.

शेठजी कचेरीकडे वळले.

कचेरीत कागद वाट पाहत होता. आचार्यांनी चष्मा पुसला आणि छापलेल्या मजकुरावर एक सरळ रेघ ओढली. मग खाली लिहिले: यंत्रणेत दोष आहे. तो प्रथम ओळखणारा कामगार केरबा. त्याला कामावर ठेवावे. यंत्रणा दुरुस्त करताना त्याला विचारावे. सही करून त्यांनी कागद शेठजींकडे सरकवला. शेठजींनी तो वाचला, पुन्हा वाचला, आणि खोकी हलवायला माणसे पाठवली.

परतीच्या वाटेवर हेरंब म्हणाला, "सर, माझ्याकडून मोठा अन्याय होणार होता."

"अर्धा माझ्याकडून," आचार्य म्हणाले. "तिसरी आवृत्ती. पंख्यासमोरच्या टोकाला हवेची वाट ठेवावी, असं लिहिलं मी. त्या वाटेवर पलीकडे काय आहे ते आधी जाऊन बघावं, ही ओळ लिहिली नाही. मला वाटलं, एवढं तर कोणीही बघेलच. सकाळपासून तेच खुपत होतं. बघेलच, असं वाटतं ना, तिथेच माणूस बघत नाही."

"मग तुम्ही मला सरळ का नाही सांगितलंत? सगळ्यांसमोर पंचा लपेटून बसवलंत."

"सरळ सांगितलं असतं, तर तू मला माझाच तक्ता दाखवला असतास. आणि खरं सांगू? तक्ता पाहून मलाच वाटलं असतं, आपलं चुकतंय. तक्त्याशी आपण दोघेही वाद घालू शकलो असतो. तुझ्या पाठीशी मात्र तुला वाद घालता आला नसता."

हेरंबने मान डोलावली. सकाळपासून ज्या शंकेखोरपणाचा त्याला वैताग आला होता, त्या शंकेनेच एका माणसाची जागा वाचवली होती. आणि ती जागा घालवायला निघाली होती ती त्याची स्वतःची खात्री. हे त्याला कळत होते, पण ते मोठ्याने म्हणण्याइतके धैर्य अजून आले नव्हते. त्याच्या दातांत अजून कण करकरत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता, ब्लास्टिंग सुरू होण्याच्या वेळी, तो शेडमध्ये आला आणि पुढच्या खांबापासून साठ पावले चालत मागच्या टोकाला गेला. मागच्या दारावरची पाटी त्याने स्वतः पान्याने खोलून काढली, काखेत धरली आणि दार लावून घेतले. दक्षिणेच्या खिडक्या उघड्या होत्या. मग तो शेवटच्या जागेपाशी आला, सळ्यांचा रिकामा डबा उलटा घातला आणि केरबाच्या शेजारी बसला. या वेळी त्याच्या हातात फाईल नव्हती.

"केरबा," तो म्हणाला, "ते दाराचं तुम्ही काय म्हणत होतात?"

केरबाने काच वर केली. साहेबांच्या तोंडचा 'तुम्ही' त्याला जरा नवा होता. त्याने हातातले काम बाजूला ठेवले, टॉवेलने मान पुसली, आणि पाच महिने अर्धवट राहिलेले वाक्य पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.

ज्याच्या भल्यासाठी आपण धडपडत असतो, त्याचे बोलणे पुरे होईपर्यंत गप्प बसणे, हा त्या धडपडीचा पहिला भाग आहे.